बाजाराची वाट : युद्धानंतरच्या मदतीचा एक अभ्यास



मक्केहून हिजरत करून हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मदीनेत आले तेव्हा त्यांच्या हाती काहीच उरले नव्हते. व्यापार, घर, माल सारे मागे राहिले होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांचे बंधुत्व मदीनेतील सधन अन्सारी हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांच्याशी जोडून दिले. सअद (रजि.) यांनी आपल्या मालमत्तेचा निम्मा वाटा त्यांच्यापुढे ठेवला. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी त्यांना बरकतीची दुआ दिली आणि एवढेच विचारले की येथील बाजार कोणत्या बाजूस आहे. बनू कैनुकाच्या बाजाराची वाट त्यांना दाखविण्यात आली. परतताना त्यांच्याजवळ स्वतः कमावलेले थोडे तूप आणि थोडे पनीर होते.

हा प्रसंग आपण अनेक इज्तेमांतून ऐकला आहे. कोणी तो सअद (रजि.) यांच्या औदार्यासाठी सांगतो, कोणी अब्दुर्रहमान (रजि.) यांच्या स्वाभिमानासाठी. दोन्ही योग्यच आहे. परंतु त्यात तिसरीही एक गोष्ट आहे, जिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. बाजार होता, तो नवागतासाठी खुला होता आणि वाट दाखविणारा माणूसही होता. यांपैकी एकही गोष्ट नसती तर सअद (रजि.) यांचा निम्मा वाटा काही महिने पुरला असता आणि मग संपला असता.

आणखी एक बाब लक्षात घ्यावी. ज्या मदीनेने हे बंधुत्व स्वीकारले ते शहर स्वतःच यादवीतून नुकते बाहेर पडलेले होते. हिजरतीपूर्वी काही वर्षे आधी औस व खजरज या दोन नातलग कबिल्यांमध्ये ‘बुआस’ची लढाई झाली होती आणि तीत दोन्ही बाजूंचे अनेक सरदार कामी आले होते. सूरह आले-इमरानमध्ये अल्लाहने या लोकांना आठवण करून दिली आहे की ते अग्नीच्या खड्ड्याच्या काठावर उभे होते आणि त्यांची मने जोडली गेली ती त्याच्या कृपेने. म्हणजे ‘मुवाखात’ हा केवळ निर्वासितांच्या सोयीचा उपक्रम नव्हता. युद्धाने मोडलेल्या समाजाच्या पुनर्बांधणीचा तो पहिला पाठ होता. हा पाठ हाती घेऊन आज आपण आपल्याच काळातील एका देशाकडे पाहणार आहोत. तो देश म्हणजे बोस्निया.

काय मोडले होते

१९९१च्या जनगणनेत बोस्निया-हर्जेगोविनाची लोकसंख्या सुमारे ४४ लाख होती. बोस्नियाक म्हणजे मुस्लिम, सर्ब म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि क्रोएट म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती असे तीन समाज तेथे एकाच भाषेत बोलत आणि शहरांतून एकाच इमारतीत राहत. एप्रिल १९९२मध्ये युद्ध सुरू झाले. डिसेंबर १९९५मध्ये पॅरिस येथे शांतता करारावर सह्या झाल्या. अमेरिकेतील डेटन येथे वाटाघाटी झाल्या म्हणून तो ‘डेटन करार’ या नावाने ओळखला जातो. तोवर सुमारे एक लाख माणसे मारली गेली होती आणि सुमारे २२ लाख, म्हणजे देशातील जवळजवळ निम्मी माणसे, घराबाहेर पडली होती. जुलै १९९५मध्ये स्रेब्रेनित्सा येथे आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष व मुले यांची काही दिवसांत हत्या करण्यात आली. हा वंशसंहार होता, असा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयांनी पुढे दिला.

येथे एका शब्दाविषयी सांगितले पाहिजे. जग या युद्धाला सहज ‘यादवी’ म्हणते, पण बोस्नियाक माणसाला तो शब्द बोचतो. शेजारच्या राष्ट्रांतून शस्त्रे व सैन्य येत होते, मग ही केवळ घरातील भांडणे कशी, असा त्याचा प्रश्न असतो आणि तो खरा आहे. तरीही शेजाऱ्याने शेजाऱ्यावर बंदूक रोखली हेही तितकेच खरे. यादवी असो वा आक्रमण, घर जळाल्यानंतर जो प्रश्न उरतो तो मात्र एकच असतो.

राजधानी सारायेवोचा वेढा १,४२५ दिवस चालला. जुलै १९९२ ते जानेवारी १९९६ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने विमानांतून सुमारे १ लाख ६० हजार टन अन्न व औषधे तेथे पोहोचविण्यात आली. इतका दीर्घकाळ चाललेला मदतीचा हवाई पूल दुसरा नाही. त्याच विमानतळाच्या धावपट्टीखालून १९९३मध्ये शहरवासीयांनी सुमारे ८०० मीटर लांबीचे भुयार खणले आणि अन्न, इंधन, जखमी सारे त्यातून वाहिले. (जाता जाता : युगोस्लाव्हियातील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार हे आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी होते.)

डब्याचे स्मारक

सारायेवोत एक विचित्र स्मारक आहे. २००७ साली उभारलेले हे स्मारक म्हणजे मदत म्हणून आलेल्या डबाबंद गोमांसाचा एक मोठा डबा. त्यावर सारायेवोच्या ‘कृतज्ञ’ नागरिकांच्या वतीने आंतरराष्ट्रीय समुदायाचे आभार मानले आहेत. ही कृतज्ञता कोणत्या सुरातील आहे हे तेथील लहान मुलालाही कळते. वेढ्यातून गेलेली माणसे सांगतात की तो डबा कुत्री-मांजरेही खात नसत. जुन्या युद्धासाठी बनविलेली, वर्षानुवर्षे कोठारात पडलेली बिस्किटे वाटली गेल्याच्या आठवणीही ते सांगतात. त्या अन्नावर माणसे जगली हे खरे आहे. अपमान झाला हेही खरे आहे.

आता मस्जिदे-नबवीकडे या. हदीसच्या ग्रंथांत असे येते की अन्सार खजुराच्या हंगामात घड आणून मस्जिदीच्या खांबांमधील दोरीवर टांगत, म्हणजे गरीब मुहाजिरांनी भूक लागेल तेव्हा खावेत. काहींनी सुकलेले, मोडके, किडके घड आणून टांगले. त्या प्रसंगी सूरह अल-बकराची २६७ वी आयत अवतरली. तिचा आशय असा की कमाईतील चांगले ते द्या. जी वस्तू तुम्हाला कोणी दिली असता तुम्ही डोळे मिटल्यावाचून घेणार नाही, ती वेचून दानासाठी बाजूला काढू नका. तिच्या अगोदर, २६४ व्या आयतीत, उपकार बोलून दाखवून व मन दुखवून दान वाया घालवू नका असे सांगितले आहे. क्रम पाहावा. प्रथम देणाऱ्याच्या जिभेचा विषय येतो आणि नंतर देणाऱ्याच्या हातातील वस्तूचा.

पूर किंवा भूकंप झाला की आपल्या मोहल्ल्यातही कपड्यांची गाठोडी जमा होतात. त्यात फाटके ब्लाऊज, चेन तुटलेल्या पँट आणि एकेकटी चप्पल निघते. गाठोडी सोडून निवड करणाऱ्या स्वयंसेवकांना विचारा, ते सांगतील. सारायेवोतील तो डबा परक्यांचाच आहे असे समजण्याचे कारण नाही.

याच शहराने दुसरे उदाहरणही दिले. बोस्नियाक मुस्लिमांची ‘मेर्हामेत’ ही संस्था १९१३मध्ये स्थापन झालेली. तिच्या नावातील ‘मरहमत’ हा शब्द आपल्या कानांना ओळखीचा आहे. ज्यूंची ‘ला बेनेवोलेन्सिया’ त्याहून जुनी, १८९२ची. वेढ्याच्या काळात सारायेवोतील ज्यू फार थोडे उरले होते, पण त्यांच्या संस्थेची औषधालये व अन्नछत्र सर्वांसाठी उघडे राहिले. काम करणाऱ्यांत मुस्लिम, सर्ब व क्रोएट होते आणि औषध नेणाऱ्यांत बहुसंख्य बिगर-ज्यू होते. दुसऱ्या महायुद्धात याच शहरातील काही मुस्लिम कुटुंबांनी आपल्या ज्यू शेजाऱ्यांना नाझींपासून लपवून ठेवले होते. ते विसरले गेले नव्हते.

कोणी विचारील की आपली जकात व सदका परधर्मीयाला देता येतो काय? फुकहांच्या बहुमतानुसार फर्ज जकात ही मुस्लिम गरजूंसाठी आहे. नफल सदक्याचा हात मात्र सर्वांसाठी मोकळा आहे. सूरह अल-मुम्तहिनाच्या आठव्या आयतीत, ज्यांनी धर्माच्या कारणाने तुमच्याशी युद्ध केले नाही व तुम्हाला घराबाहेर काढले नाही, त्यांच्याशी भलाईने व न्यायाने वागण्यास अल्लाह मनाई करीत नाही, असे आले आहे. आणि सूरह अद्-दहरमध्ये सदाचारी लोकांचे वर्णन करताना गरीब व अनाथ यांच्यासोबत कैद्याला अन्न देण्याचा उल्लेख आहे. मदीनेच्या त्या दिवसांत कैदी म्हणजे कोण? युद्धात पकडलेला शत्रूच. यमामाचे सरदार सुमामा बिन उसाल (रजि.) यांनी इस्लाम स्वीकारल्यावर मक्केला जाणारे धान्य रोखले, तेव्हा कुरैशांनी गाऱ्हाणे केले आणि प्रेषित (स.) यांनी धान्य पुन्हा सोडावयास सांगितले. मक्का त्या वेळी शत्रूचेच शहर होते.

घराची किल्ली

मक्काविजयाच्या दिवशी काबागृहाची किल्ली प्रेषितांच्या (स.) हाती होती. ती आपल्याकडे असावी अशी इच्छा जवळच्या नातलगांनीही बोलून दाखविली. परंतु ती उस्मान बिन तल्हा (रजि.) यांना, म्हणजे ज्यांच्या घराण्याकडे ती पूर्वापार होती त्यांनाच, परत देण्यात आली. अमानती त्यांच्या हक्कदारांच्या स्वाधीन करा, ही सूरह अन्-निसाची ५८ वी आयत अनेक भाष्यकार याच प्रसंगाशी जोडतात.

बोस्नियाच्या पुनर्बांधणीचे सर्वांत कठीण काम किल्लीचेच होते. डेटन कराराच्या सातव्या परिशिष्टात प्रत्येक विस्थापिताला मूळ घरी परतण्याचा व मालमत्ता परत मिळण्याचा हक्क दिला होता. कागदावर हे सोपे होते. प्रत्यक्षात त्या घरात दुसरे कुटुंब राहत होते, आणि पुष्कळदा तेही दुसऱ्या गावाहून हाकलले गेलेलेच होते. क्रोएट माणसाच्या घरात मुस्लिम विस्थापित, मुस्लिमाच्या घरात सर्ब विस्थापित, सर्बाच्या घरात आणखी कोणी, अशी साखळी होती. त्यातच युद्धकाळात केलेल्या कायद्यांनी अशी घरे ‘सोडून दिलेली’ ठरविली होती आणि परतण्यासाठी दिलेली मुदत अवघ्या काही दिवसांची होती. पहिली काही वर्षे मदतसंस्थांनी छपरे घातली, विटा वाटल्या. पण किल्ली हाती आल्याशिवाय विटांचा उपयोग मर्यादितच राहिला.

१९९९मध्ये मालमत्ता कायद्यांच्या अंमलबजावणीची एक सामाईक योजना सुरू झाली. तिचे तत्त्व साधे होते. घर कोणाचे हे कायद्याने ठरेल, राजकीय सौद्याने नाही, आणि मालक कोणत्या समाजाचा आहे हे विचारले जाणार नाही. अडथळे आणणाऱ्या अधिकाऱ्यांना पदावरून दूर करण्यात आले. घरांसाठी सुमारे दोन लाख दावे होते आणि काही वर्षांत त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक निकाली निघाले. सप्टेंबर २००४मध्ये परतलेल्यांची नोंद दहा लाखांवर पोहोचली. युद्धानंतर इतक्या मोठ्या प्रमाणावर घरे मूळ मालकांना परत मिळाल्याचे उदाहरण विरळाच आहे.

यातील दुसरी बाजूही वाचकांनी जाणून घ्यावी. किल्ली मिळालेल्या अनेकांनी घर विकले आणि ते आपल्या समाजाची बहुसंख्या असलेल्या गावी राहावयास गेले. घर होते, पण जवळपास नोकरी नव्हती, मुलांना हवी तशी शाळा नव्हती आणि पोलीस ठाण्यातील काही चेहरे युद्धातलेच होते. त्यांना दोष कसा द्यावा?

कोन्येविच पोल्ये नावाच्या गावातील एका विधवेची हकिकत न्यायालयाच्या नोंदीत आहे. तिचा पती व वीसहून अधिक नातलग १९९५च्या संहारात मारले गेले. ती गावी परतली तेव्हा तिच्या अंगणात चर्च उभे होते. जमीन तिची होती. परवानगी कोणी घेतली नव्हती. तिने वर्षानुवर्षे खटला चालविला. बोस्नियातील अधिकाऱ्यांनी जमीन परत करण्याचे आदेश दिले तरी ते अमलात येईनात. अखेर १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि जून २०२१मध्ये ते चर्च तेथून हटविण्यात आले. तिची तक्रार प्रार्थनास्थळाविरुद्ध नव्हती, दुसऱ्याचे अंगण बळकावण्याविरुद्ध होती. हीच गोष्ट मस्जिदीच्या बाबतीत घडली असती तर शरीअतचा निर्णय वेगळा झाला असता काय? बळकावलेल्या जमिनीवर मस्जिद बांधणे आपल्या फुकहांना मान्य नाही.

मक्केहून आलेल्या मुहाजिरांची घरे कुरैशांनी बळकावली होती, काही तर विकूनही टाकली होती. विजयानंतर ती परत मागितली गेली नाहीत, असे सीरतच्या ग्रंथांत येते. काही जण हे उदाहरण देऊन पीडितालाच गप्प राहण्याचा उपदेश करतात. ते योग्य नाही. हक्क सोडून देणे हा हक्कदाराचा अधिकार आहे. ज्याने घेतले त्याने, किंवा दूर बसून मध्यस्थी करणाऱ्याने, तो सोडून द्यावयाचा नसतो.

कुऱ्हाड, कर्ज आणि रास्पबेरी

परतलेल्या शेतकऱ्यापुढे पहिले संकट जमिनीतच होते. युद्ध संपले तेव्हा हजारो चौरस किलोमीटर क्षेत्र सुरुंगांच्या संशयाखाली होते. युद्धानंतरच्या शांततेच्या वर्षांत सुरुंगांनी सहाशेहून अधिक माणसे मारली. शेतकरी, लाकडे आणावयास गेलेली माणसे, खेळणारी मुले आणि सुरुंग काढणारेही त्यांत होते. २०१४च्या महापुरात दरडी कोसळून सुरुंग जागचे हलले आणि साफ केलेल्या जमिनीविषयी पुन्हा शंका निर्माण झाली. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे ही हदीस आपण मुलांना केळ्याचे साल व काटा दाखवून शिकवितो. बोस्नियात एक माणूस सळई घेऊन, गुडघ्यांवर बसून, दिवसभरात काही हात जमीन तपासतो. त्याला ही हदीस कशी दिसत असेल?

सुनन अबू दाऊदमध्ये एका अन्सारी गरजूची गोष्ट आहे. तो मागावयास आला तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याच्या घरी काय आहे ते विचारले. एक जाडेभरडे कांबळे आणि एक पेला एवढेच होते. त्या वस्तूंचा लिलाव होऊन दोन दिरहम आले. एकाचे घरच्यांसाठी अन्न घेतले गेले, दुसऱ्याची कुऱ्हाड आली. प्रेषितांनी (स.) स्वतःच्या हाताने तिला दांडा बसविला आणि त्याला पंधरा दिवस लाकडे तोडून विकण्यास सांगितले. तो परत आला तेव्हा त्याच्याजवळ दहा दिरहम होते. पाहा, अन्न अगोदर आले आणि कुऱ्हाड नंतर. पण दोन्ही एकाच दिवशी आले. अन्नाचा कार्यक्रम संपल्यावर रोजगाराचा विचार करू असे झाले नाही.

बोस्नियात ब्रातुनात्स व स्रेब्रेनित्साच्या परिसरात युद्धापूर्वी रास्पबेरीची लागवड होत असे. हे काटेरी झुडपावर येणारे लाल, नाजूक फळ आहे. त्याला जमीन थोडी लागते, दोन-तीन वर्षांत चांगले पीक येते आणि तोडणी हातानेच करावी लागते. म्हणजे पुरुष गमावलेल्या घरातील स्त्रीलाही ते जमते. २००३मध्ये ब्रातुनात्स येथे काही मोजक्या कुटुंबांनी ‘इन्सीएमे’ नावाची सहकारी संस्था स्थापन केली. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘एकत्र’ असा होतो. इटलीतून आलेल्या मदतीने शीतगृह उभे राहिले आणि मुस्लिम विधवांची व सर्ब स्त्रियांची फळे एकाच काट्यावर तोलली जाऊ लागली. पुढे शेकडो कुटुंबे तिला जोडली गेली. या स्त्रियांनी एकमेकींना क्षमा केली असे मी म्हणत नाही; ते कोणाच्या मनात शिरून सांगता येत नाही. त्या एकत्र काम करतात, दर ठरवितात, हिशेब तपासतात. मदीनेच्या बाजारात औस आणि खजरजही हेच करीत असतील.

कर्जाच्या बाबतीत अनुभव मिश्र आहे. युद्धानंतर लहान व्यवसायांसाठी अनेक संस्थांनी व्याजी लघुकर्जे दिली आणि आरंभी त्यांची वाहवा झाली. परंतु २००८च्या सुमारास चित्र पालटले. एकाच कुटुंबाने तीन-तीन संस्थांची कर्जे घेतलेली, एकाचे व्याज दुसऱ्याच्या कर्जातून भरले जाते आणि जामीन राहिलेला शेजारी हप्ते फेडत बसतो, अशी उदाहरणे पुढे आली. बोस्निया हा लघुकर्जाच्या संकटात सापडलेल्या देशांपैकी एक ठरला. ‘इस्लामिक रिलीफ’सारख्या संस्थांनी तेथे व्याजरहित कर्जाचा मार्ग वापरला. त्याचा पसारा लहान होता, हे मान्य केले पाहिजे. सूरह अल-बकरात अडचणीतील ऋणकोला सवड द्या, आणि सोडून दिले तर अधिक चांगले, असे सांगितले आहे. त्या आदेशाचा अर्थ हप्ते थकलेल्या घरी बसून वाचला तर लवकर कळतो.

दगड आणि माणसे

मोस्तारचा दगडी पूल १५६६मध्ये पूर्ण झाला. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी तोफांच्या माऱ्याने तो नदीत कोसळला आणि अनेक देशांच्या मदतीने पुन्हा उभा राहून २३ जुलै २००४ रोजी खुला झाला. पाणबुड्यांनी नदीतून जुने दगड काढले. जवळच्या त्याच प्रकारच्या खाणीतून नवे आणले. वर्षभराने जागतिक वारशात त्याची नोंद झाली. काम अप्रतिम झाले. पण त्याच प्रदेशात अशा शाळा आहेत की जेथे एकाच छपराखाली मुस्लिम व क्रोएट मुले वेगवेगळ्या वर्गांत, वेगवेगळ्या अभ्यासक्रमाने, आणि काही ठिकाणी वेगवेगळ्या दारांनी शिकतात. विस्थापित कुटुंबांची मुले परत आल्यावर तात्पुरती सोय म्हणून हे सुरू झाले आणि तसेच राहिले. पुलावर छायाचित्र काढून परतणाऱ्या पाहुण्यांना ही शाळा सहसा कोणी दाखवीत नाही.

बान्या लुका येथील १५७९ची फरहादिया मस्जिद ७ मे १९९३ रोजी उडविण्यात आली. तिचे दगड कचऱ्याच्या ढिगांतून शोधून काढून, ओळखून, जमेल तेथे मूळ जागी बसविण्यात आले. २००१मध्ये पायाभरणीच्या वेळी जमावाने हल्ला केला व त्यात एका वृद्धाचा जीव गेला. अखेर ७ मे २०१६ रोजी ती पुन्हा खुली झाली. याउलट सारायेवोतील गाझी हुस्रेव बेग यांच्या सोळाव्या शतकातील मस्जिदीची युद्धानंतरची पहिली दुरुस्ती सौदी मदतीने झाली आणि त्यात आतील रंगीत नक्षी जाऊन भिंती पांढऱ्या झाल्या. स्थानिक लोकांना ते रुचले नाही. काही वर्षांनी भिंती पुन्हा नक्षीने रंगविण्यात आल्या. देणारा आपला बंधू होता, पैसा हलाल होता, हेतूही चांगला असेल. पण घर कोणाचे हे विचारावयाचे राहून गेले.

सूरह अल-हुजुरातच्या नवव्या आयतीत, ईमानधारकांचे दोन गट लढले तर समेट करा, एकाने अतिक्रमण केले तर त्याला रोखा, आणि तो परतला की न्यायाने समेट करा, असा आदेश आहे. ती आयत बोस्नियात एका ठिकाणी अक्षरशः लागू होत होती. वायव्येकडील वेलिका क्लादुशा भागात १९९३ ते १९९५ या काळात मुस्लिमच मुस्लिमांशी लढले. एका प्रभावशाली स्थानिक पुढाऱ्याने सारायेवोच्या शासनापासून वेगळी चूल मांडली. पुढे क्रोएशियाच्या न्यायालयात युद्धगुन्ह्यांबद्दल त्याला शिक्षा झाली आणि ती भोगून आल्यावर २०१६मध्ये तोच माणूस त्या गावाचा महापौर म्हणून निवडून आला. तेथे दोन बाजूंच्या भावांमधील अबोला मोडावयास परदेशी संस्थेची वीट उपयोगी पडत नाही. आयतीत ‘समेट’ हा शब्द दोनदा येतो आणि दुसऱ्या वेळी त्याला न्यायाची अट जोडलेली आहे.

शेवटी एका मदतीविषयी लिहितो, जिला आपण मदत म्हणून फारसे मोजत नाही. युद्धानंतर सुमारे तीस हजार माणसे बेपत्ता होती. फिकहमध्ये अशा माणसाला ‘मफ्कूद’ म्हणतात आणि त्याच्याविषयीचे नियम कठीण आहेत. मृत्यू सिद्ध होईपर्यंत, किंवा काजीने तसा निर्णय देईपर्यंत, त्याची मालमत्ता वारसांत वाटता येत नाही. पत्नीची इद्दत सुरू होत नाही. तिला दुसरा विवाह करता येत नाही. म्हणजे ती विधवाही नसते आणि सुवासिनीही नसते. स्रेब्रेनित्साच्या मारेकऱ्यांनी तर सामूहिक कबरी यंत्रांनी उकरून देह दुसरीकडे नेऊन पुरले, त्यामुळे एकाच माणसाच्या अस्थी निरनिराळ्या कबरींत सापडल्या. १९९६मध्ये बेपत्ता व्यक्तींसाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने नातलगांच्या रक्ताच्या थेंबांची अस्थींशी डीएनए पद्धतीने तुलना सुरू केली. बेपत्तांपैकी बहुसंख्यांचा शोध लागला; स्रेब्रेनित्साच्या बळींपैकी जवळजवळ सात हजारांची ओळख पटली.

दरवर्षी ११ जुलै रोजी पोतोचारी येथील कब्रस्तानात त्या वर्षी ओळख पटलेल्यांची जनाजाची नमाज होते आणि हिरव्या कापडात गुंडाळलेल्या अरुंद पेट्या हातांवरून पुढे सरकतात. काही आईंनी मुलाच्या दोन-तीन अस्थी मिळाल्या तेव्हाच दफन केले. काही अधिक सापडतील म्हणून थांबून राहिल्या. काहींच्या बाबतीत दफनानंतर आणखी अस्थी सापडल्या आणि कबर पुन्हा उघडावी लागली. संपूर्ण युद्धातील सुमारे साडेसात हजार माणसांचा अद्याप पत्ता नाही, आणि त्यांच्या नातलगांच्या रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत नोंदवून ठेवलेले आहेत.